ओळखू न येणारा तांबडा तुकडा

“यातला नवा तुकडा कोणता, फ्राउ देशपांडे?” हेर ल्युडर्सनी काच उजेडात धरून विचारलं.

“ओळखा,” मी म्हणाले. मनातून मी खूश होते.

हेर ल्युडर्स आमच्या इनुंगचे प्रमुख. इनुंग म्हणजे रंगीत काचकाम करणाऱ्या कारागिरांचा शेकडो वर्षं जुना संघ. चर्चच्या जुन्या खिडक्या दुरुस्त करायच्या तर हॅम्बर्गमध्ये या संघाच्या यादीत नाव असावं लागतं. इंगोलश्टाटची गाड्यांच्या काचा डिझाइन करायची नोकरी सोडून मी सहा वर्षं त्यासाठीच खपत होते. परीक्षा एकच होती. एका जुन्या खिडकीतल्या संताच्या तांबड्या झग्यातला फुटका तुकडा बदलायचा. रंग जुळवायलाच मला तीन आठवडे लागले.

त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“नापास.”

“का? तुम्हाला सापडला कुठे?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणूनच.”

नियम असा आहे की नव्या तुकड्यावर हिऱ्याच्या टोकाने कोपऱ्यात नाव आणि वर्ष कोरायचं. नाहीतर शंभर वर्षांनी कुणीतरी माझी काच मूळ खिडकीइतकीच जुनी समजेल. नियम मी वाचला होता. पण ज्यांचं काम दिसून येतं त्यांच्यासाठी तो असेल, असं मी धरून चालले. रफू दिसलं नाही की रफूगाराची पाठ थोपटायची, हे आपले संस्कार. इथे त्याला फसवणूक म्हणतात.

“जोड उघडा, सही करा, पुढच्या वर्षी परत या,” ते म्हणाले. “आणि हा शेजारचा निळा तुकडा बघून ठेवा. अस्सल जुनं काम असं असतं.”

रडायचीच बाकी होते. तिथेच तुकडे जोडणारी शिशाची पट्टी उकलायला बसले. तांबड्याबरोबर निळाही सुटून हातात आला. जुन्या काळी काच चिमट्याने टवके काढत कापायचे, त्यामुळे कड उंदराने कुरतडल्यासारखी असते. निळ्याची कड गुळगुळीत होती, आजच्या कटरने कापल्यासारखी. सहीही नव्हती. मी तो त्यांच्यापुढे धरला.

“आल्झो... म्हणजे...” म्हणून ते थांबले.

“याआधी ही खिडकी कुणी दुरुस्त केली होती?”

“आमच्या वर्कशॉपने. चाळीस वर्षं झाली.” ते खाली बसले. “निळ्या तुकड्यांचं काम माझ्याकडे होतं.”

मला त्यांची दया आली, आणि बरंही वाटलं.

त्यांनी माझ्याकडून हिऱ्याची लेखणी मागून घेतली. निळ्यावर स्वतःचं नाव आणि चाळीस वर्षांपूर्वीचं साल कोरलं. मग लेखणी मला दिली.

“म्हणजे मी पास?”

“नाही. मीही नापास.”

त्यांनी खरंच यादीतलं स्वतःचं नाव खोडलं. ते वर्ष मी लोकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या बसवत काढलं. पुढच्या परीक्षेला आम्ही शेजारी बसलो आणि दोघंही पास झालो.

आपलं काम आपल्यालाही ओळखू येऊ नये, इतकं चांगलं करायला हरकत नाही. फक्त आधी सही करावी.