कोन नाक्यावरचं कोर्ट

टेम्पोच्या केबिनमध्ये माझा दीर बसला होता, टेम्पोची किल्ली त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, आणि टेम्पोचा ड्रायव्हर शंभर पावलांवर रस्त्यात पडला होता. त्याच्या अंगावर माझ्या दिराची सायकल होती. मागून आलेला ट्रक त्याला उडवून तसाच खाडीच्या पुलाकडे निघून गेला. मी नाक्यावर सुकी मासळी विकत बसले होते. हातात जवळ्याचं माप होतं, ते तसंच धरून उभी राहिले. भिवंडी तालुक्यात सायकलवाल्यांसाठी माझ्या धाकट्या दिराइतका जीव कोणी टाकला नसेल, आणि त्या दुपारी जो सायकलवाला रस्त्यात पडला होता त्याला सायकलवर बसवणारा तोच होता.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर मागून सुरुवात करावी लागेल. दीर जॉबर होता, म्हणजे कापड विणणारे लूम बिघडले की दुरुस्त करणारा. आमच्या कोन गावाहून रोज सायकलने भिवंडीत जायचा. कानात सतत लूमची खडखड, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय. केसात सुताचा भुगा असायचा, तो संध्याकाळी उन्हात आला की डोक्याभोवती काहीतरी चमकतंय असं वाटायचं. लोकांना तो साधू वाटायचा. मी त्याचं जेवण वाढत होते, मला काही वाटायचं नाही. तोंडावर मी त्याला भावजी म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे, पाठीमागे तो.

चाळिशीत असताना त्याला कल्याण रोडवर एका टेम्पोने उडवलं. खांद्याचं हाड मोडलं. कोर्टात तारखा पडत पडत शेवटी टेम्पोवाल्याला हजार रुपये दंड झाला, आणि तो सरकारजमा झाला. दीर घरी आला, हात गळ्यात बांधलेला होता तो कधीच सुटला होता, तरी त्याने तो पुन्हा पोटाशी धरला आणि मला म्हणाला, "वैनी, हाड माझं मोडलं आनि दंड सरकारला. सरकारचं काय मोडलं?" त्या दिवसापासून तो कायद्याच्या मागे लागला.

कोर्टासमोर टाइप करणाऱ्या एका माणसाकडून त्याने वहीत कलमं उतरवून घेतली. रोज सकाळी चहाच्या वेळी वही माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, विचार. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचायचे. दोनशे एकोणऐंशी म्हटलं की तो डोळे मिटून सांगायचा, रस्त्यावर बेदरकार गाडी चालवणे, सहा महिने किंवा हजार रुपये. तीनशे अडतीस म्हटलं की सांगायचा, मोठी दुखापत, दोन वर्षं किंवा हजार रुपये. हाड मोडलं तर मोठी दुखापत आणि दात तुटला तरी मोठी दुखापत, असं पुस्तकात आहे. हे कळल्यावर त्याला फार आनंद झाला होता, कारण त्याला वाटायचं की सरकारने गरिबाचा दात मोजला. पण त्याचे स्वतःचे दात तोवर गेले होते, कवळी होती. म्हणून तो मुद्दाम कोर्टात जाऊन एका वकिलाला विचारून आला की अपघातात कवळी तुटली तर काय. वकील म्हणाला, ते मालमत्तेचं नुकसान. आठ दिवस तो कवळी न घालता जेवला. मी त्याला भात मऊ करून घालत होते आणि मनात म्हणत होते, हा माणूस कुठल्या तरी दुसऱ्या गावात जन्मायचा तो चुकून इथे आला.

मग नवा कायदा आला आणि सगळे आकडे बदलले. दोनशे एकोणऐंशीचं दोनशे एक्याऐंशी झालं, तीनशे अडतीस तर एकशे पंचवीसमध्ये जाऊन बसलं. शिक्षा वाढली होती, हाड मोडलं तर आता तीन वर्षं किंवा दहा हजार, तरी त्याचं मन लागेना. ओट्यावर बसून राहायचा. पाठ केलेली माणसं घर सोडून गेली आणि दारावर दुसऱ्याच पाट्या लागल्या, असं काहीतरी बोलायचा. पुढे पंधरा दिवसांत त्याने नवे आकडेही पाठ केले. विचारणारी अर्थात मीच.

त्याला एक स्वप्न पडायचं. नेहमी दुपारच्या झोपेत, आणि बहुतेक शुक्रवारी. शुक्रवारी आमच्याकडे लूम बंद असतात. इतर दिवशी जी खडखड आपल्याला ऐकूही येत नाही, ती त्या दिवशी नसते आणि ते मात्र ऐकू येतं. हवा जाड झाल्यासारखी वाटते. कावळा बोलला तरी माणूस दचकतो. त्या शांततेत तो ओट्यावर झोपायचा आणि उठून मला सांगायचा, की कल्याण रोडवर पुलापासून भिवंडीपर्यंत सगळे ट्रक, टेम्पो, कंटेनर उभे आहेत. ड्रायव्हर खाली उतरून रांगेत उभे आहेत. कोणी बोलत नाही. आणि मधून एकच सायकल चालली आहे. मी विचारायचे, सायकलवर कोण? तो म्हणायचा, ते दिसत न्हाय, पाठमोरा हाय. दर वेळी हेच.

आता कोर्टाबद्दल. काम सुटल्यावर त्याने नाक्यावर स्वतःचं कोर्ट चालू केलं. कोणी ड्रायव्हर त्याला घासून गेला, की हा गाडीचा नंबर लक्षात ठेवायचा. वळ गावच्या गोदामांतून माल भरून निघालेल्या गाड्या कोन नाक्यावर चहाला थांबतातच. तिथे हा गाठायचा. ड्रायव्हर याला चाचा म्हणायचे. सायकल गाडीच्या तोंडाशी आडवी लावायची, दोनशे एक्याऐंशी म्हणून दाखवायचं आणि विचारायचं, पोलीस की चाचा? पोलिसाला कोण हो म्हणेल? मग शिक्षा. दंड घ्यायचा नाही, चहासुद्धा प्यायचा नाही. ड्रायव्हरने किल्ली याच्याकडे द्यायची, याची सायकल घ्यायची आणि नाक्यापासून खाडीच्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं. तोवर हा केबिनमध्ये बसून राहणार. ड्रायव्हर हसत हसत सायकलवर बसायचे. परत यायचे तेव्हा हसत नसायचे. हा खाली उतरून एकच प्रश्न विचारायचा, "पाठी काय ऐकू आलं?" एक जण म्हणाला, चाचा, मौत. एक जण म्हणाला, कुछ नहीं, मैं तो माँ को याद कर रहा था. एक लठ्ठ ड्रायव्हर सायकल ढकलत आला आणि म्हणाला, पुलापर्यंत गेलोच नाही, झाडामागे बसून होतो. त्यालाही दिराने सोडून दिलं. म्हणाला, खरं बोलला.

मी त्याला सांगितलं होतं. एकदा नाही, दहादा. भावजी, तुम्ही जन्मभर चालवताय, या माणसांना सवय नाही, एखादा पडेल. तो म्हणायचा, पडला तर कलतं. पडल्याबिगर कुनाला कलत न्हाय. मी जवळा मोजत राहायचे. दुसरं काय करणार?

रामसमुझ जौनपूरकडचा. लाल टेम्पो चालवायचा, तीस-बत्तीसचा असेल, माझ्याकडून दर आठवड्याला बोंबील न्यायचा आणि भाव करायचा नाही. त्या शुक्रवारी सकाळी वळच्या वळणावर त्याच्या आरशाने दिराच्या हँडलला घासलं. दुपारी चहाच्या टपरीवर दिराने त्याला धरलं. रामसमुझने किल्ली काढून दिली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला म्हणाला, "मौसी, बचपन में स्कूल साइकिल से ही जाता था." घंटी वाजवत गेला. शंभर पावलं गेला असेल.

ट्रकचा धक्का बसला तो आवाज मी ऐकला. लूम बंद होते, म्हणून सगळ्या नाक्याने ऐकला. दीर केबिनमधून उतरला नाही, पडलाच. चपला तिथेच राहिल्या. खिशात किल्ली होती पण याला टेम्पो चालवता येत नव्हता. जन्मभर ड्रायव्हरांना शिकवणारा माणूस, स्टीअरिंगला हात लावलेला नव्हता. तो अनवाणी धावत रामसमुझच्या पुढे जाऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. पहिला कंटेनर त्याच्यापासून हातभरावर थांबला. मग त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा. दुसऱ्या बाजूच्याही गाड्या थांबल्या. ड्रायव्हर खाली उतरले आणि रांगेत उभे राहिले. कोणी बोलेना. त्याचं स्वप्न होतं तसंच, अगदी तसंच, मी बघत होते. सायकलवरचा माणूस तेवढा खाली पडलेला होता आणि पाठमोरा नव्हता.

रिक्षात घालून नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं, पुढचे दोन दात तुटले होते, डोक्याला मार होता. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये दीर भिंतीला टेकून बसला आणि एकशे पंचवीस, एकशे पंचवीस म्हणत राहिला, जसं कोणी देवाचं नाव घेतं. मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

संध्याकाळी हवालदार जबाब घ्यायला आला. कोणी ठोकलं, नंबर बघितला का, वगैरे. ट्रकचा नंबर टपरीवाल्याने अर्धा बघितला होता, तो त्याने सांगितला. दीर म्हणाला, "आधी माजं नाव लिवा. मी बसवला त्याला सायकलवर."

हवालदार म्हणाला, "काका, सायकलवर बसवणं गुन्हा नाही."

"किल्ली काढून घेतली. जबरदस्ती हाय ती."

"ते हसत बसले, असं ही बाई सांगते."

"मग नव्या पुस्तकात बघा. असंल कायतरी."

हवालदाराने वही मिटली. दीर त्याच्या मागे गेटपर्यंत गेला. सगळी कलमं ज्याला पाठ होती, त्याला स्वतःसाठी एक सापडेना. परत आला तेव्हा पहिल्यांदा मला तो म्हातारा दिसला.

रामसमुझ सकाळी शुद्धीवर आला. ट्रक आठ दिवसांनी सापडला, ड्रायव्हरला पकडलं, केस अजून चालू आहे. दिराला त्यात रस उरला नव्हता. त्याने स्वतःला शिक्षा करून घेतली, की रामसमुझ पायावर उभा राहीपर्यंत आपण सायकलवर बसायचं नाही. सायकल मात्र दुरुस्त करून आणली. मग रोज सकाळी हँडलला डबा अडकवून, सायकल हाताने ढकलत, तिच्या बाजूने चालत हा कोनहून भिवंडीला जायचा. रामसमुझ तिथे लूमच्या कारखान्यावरच्या खोलीत पडून असायचा. लोक विचारायचे, पंक्चर झाली का? हा म्हणायचा, न्हाय. डबा मी बनवायचे. दात नाहीत म्हणून पुन्हा मऊ भात.

रोज डबा उघडून दिला की दीर त्याला म्हणायचा, मला तू शिक्षा सांग. रामसमुझ मान हलवायचा आणि जेवायचा. असे किती दिवस गेले. मग एकदा, पायाची पट्टी निघाली त्या दिवशी, जेवण झाल्यावर तो फुटक्या दातांतून बोलला, "चाचा, गाडी सीखो."

अडुसष्टाव्या वर्षी माझा दीर टेम्पो शिकला. वळच्या गोदामांच्या मागे मोकळं मैदान आहे, तिथे शुक्रवारी गाड्या नसतात. मला बघायला नेलं होतं. रामसमुझ शेजारी, मांडीवर कुबडी आडवी. टेम्पो बैलगाडीच्या चालीने जायचा आणि दचके देत बंद पडायचा. रामसमुझने दिराची सायकल मैदानात एका माणसाला चालवायला दिली, टेम्पोच्या डाव्या अंगाला. फेरी मारून गाडी थांबली तेव्हा त्याने दिराला विचारलं, "साइकिल दिखी?"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दीर म्हणाला, "वैनी, डाव्या कोपऱ्यात सायकल दिसतच न्हाय. इतकी वरसं मला वाटायचं, हे बघत न्हायत."

मी म्हटलं, मग ड्रायव्हरांचा दोष नाही म्हणायचा का?

त्याने कप खाली ठेवला. "दिसत न्हाय म्हनून तर हलू चालवायची. दोनशे एक्याऐंशी त्याच्यासाठीच हाय."

त्यानंतर सकाळी विचारायला वही त्याने माझ्या हातात दिली नाही. कोर्ट त्याने बंद केलं. रामसमुझ पायावर उभा राहिला, लंगडत का होईना, तेव्हा दीर पुन्हा सायकलवर बसला. पण आता कोणी घासून गेला तर नंबर बघायचा नाही. कडेला थांबायचा, मान वळवून डाव्या अंगाला कोणी आहे का ते बघायचा आणि मग निघायचा. शुक्रवारी झोपायचा, पण उठून काही सांगायचा नाही. मी एकदा विचारलं, स्वप्न पडतं का? म्हणाला, पडतं, पर आता रस्ता रिकामा असतो.

पुढे तो गेला. दुपारी ओट्यावर झोपला तो उठला नाही, आजार नाही, काही नाही. तिरडी कल्याण रोडने खाडीकडे नेली. ट्रक थांबले नाहीत, हॉर्न वाजवत बाजूने गेले. फक्त एक लाल टेम्पो आमच्या सगळ्यांच्या मागे, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, शेवटपर्यंत आला. सायकल माझ्या दारात आहे. वही मी मधूनमधून काढते, बोट ठेवून आकडा वाचते, आणि थोडी थांबते.

रामसमुझ आता अंबाडीकडे माल नेतो. त्या शुक्रवारी कोनच्या रस्त्यात पडलेला तो माणूस जगला. त्याला सायकलवर बसवणारा माझा दीरही त्यातून जगला, आणि त्यानंतर एक वर्ष आणि चार महिने.