बावीस मिनिटांचा घाणा

सरानं खाली वाकून माझ्या पायाभोवती खडूनं चौकोन काढला. हातभर रुंद. मी कढईपुढं उभा होतो, हातात उलथनं. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "काका, आता या रेषेच्या बाहेर पाय टाकायचा नाही. टाकलात की मी लिहिणार."

शेळीला बांधतात तसं. शेळीला निदान दावं तरी लांब सोडतात.

आमचं गाव भूम तालुक्यातलं. इकडं खवा हा घरोघरचा धंदा. माझी शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळी अक्कल कढईपुढची. आधी गावातल्या भट्ट्यांवर होतो, लाकडाच्या धुरात. मग सडकेला खव्याचा कारखाना झाला. मोठं पत्र्याचं शेड, दहा गॅसच्या शेगड्या, दहा कढया. नऊ बाया आणि मी. त्या नवातली एक माझी बायको. तिचं नाव जन्मात कधी मी तोंडानं घेतलं नाही. आमच्यात घेत नाहीत. इथं लिहितो. कौसा.

मालकानं पुण्याहून सर आणला होता. काम कसं चालतं ते बघून जास्त माल कसा काढायचा, हे सांगायला. पोरगा चांगला होता दिसायला, बोलायला गोड. तीन दिवस आमच्या पाठीमागं उभा. एका हातात घड्याळ, एका हातात कागद लावलेली पाटी. आम्ही शिंकलो तरी लिहायचा. चौथ्या दिवशी सगळ्यांना एका जागी गोळा केलं आणि वाचून दाखवलं. पहिला मीच, कारण सगळ्यांत जुना.

"काकांना एका घाण्याला एकतीस मिनिटं लागतात. त्यातली चार मिनिटं ते कढईकडे नुसते बघत उभे असतात. आणि एका घाण्यात सत्तेचाळीस पावलं चालतात. हे सगळं वाया."

मग माझ्याकडं बघून हसला. "कढईकडे बघायचा पगार नसतो हो, काका."

मालक हसला. बायांनी पदर तोंडाला लावला. माझे कान तापले.

एका वेळी कढईत जेवढं दूध आटवतात त्याला आम्ही घाणा म्हणतो. दूध आटत आलं की जाळ कमी करायचा, उलथनं थांबवायचं आणि ऐकायचं. आधी खळखळ असते. मग फदफद. मग एक घडी आवाजच बंद होतो. त्या घडीला ज्यानं कढई उतरवली त्याचा खवा दाणेदार. ज्याला ऐकू आलं नाही त्याचा करपट नाहीतर चिकट. ती चार मिनिटं मी बघत नव्हतो, ऐकत होतो. पण हे सांगायला तोंड उघडलं नाही. शिकलेल्या माणसापुढं माझं तोंड उघडतच नसे.

आणि पावलं. कौसाचा उजवा खांदा गेलेला होता. तिची कढई उतरवायला मी जायचो. तिसऱ्या शेगडीवर असायची ती, अकरा पावलं जायला, अकरा यायला. बाकीची पावलं दुसऱ्यांची. आमच्या भट्ट्यांवर पहिल्यापासूनची रीत आहे. कुणाला पाणी प्यायचं असलं, मागं मोरीकडं जायचं असलं, तर शेजारणीला नुसतं म्हणायचं, "माझी कढई धर गं." शेजारीण दोन्ही कढया ढवळते. दूध ढवळायचं थांबलं की बुडाला लागतं, म्हणून ही रीत. कुणी ती शिकवत नाही, कुणी उपकार मानत नाही.

सराच्या कागदावर हे सगळं वाया.

तिथंच मी चुकलो. गप बसायचं किंवा खरं बोलायचं, दोन्ही सोडून मी तिसरंच केलं. ताव आला. म्हणलं, "सर, परत मोजा."

तेव्हाच सरानं तो खडूचा चौकोन काढला. मी जाळ पूर्ण सोडला. दोन्ही हातानं उलथनं धरलं. चौकोनातनं पाय काढला नाही. घाम डोळ्यात गेला तरी पुसला नाही. खवा झाला तो बरा झाला, दाणा नव्हता, पण सराला दाणा कुठं कळतो. त्यानं घड्याळ दाबलं आणि ओरडला, "बावीस! काका, कमाल!"

टाळ्या वाजवल्या. बायांनाही वाजवायला लावल्या. भिंतीवर पांढरा फळा होता, त्यावर लिहिलं, 'आदर्श वेळ २२ मिनिटं', आणि खाली माझं नाव. एका कागदावर सही घेतली. ही वेळ मी माझ्या खुशीनं दिली, असं त्यात होतं. मी छाती काढून सही केली. आयुष्यात माझं नाव कुणी भिंतीवर लिहिलं नव्हतं.

घरी जाताना कौसा माझ्या पुढं चालत होती. एरवी मागं असायची. ओढ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "तुमचं झालं नाव. आता आमी काय करावं?"

मी म्हणलं, "एका दिवसाचं कौतुक हाय गं. इसरून जातील."

विसरले नाहीत. पुढच्या आठवड्यात दहाही शेगड्यांपुढं चौकोन आले. खडूचे नाही, पिवळ्या रंगाचे. बावीस मिनिटांच्या वर गेलं की नावापुढं लाल ठिपका. तीन ठिपके झाले की एक दिवस घरी. मैनाबाई कौसाच्या शेजारच्या शेगडीवर. तोंडाची फाटकी, मनाची मोकळी. ती मला म्हणाली, "भावजी, त्या दिवशी तुमच्या अंगात काय आलतं ओ? तुमचं उतरलं, आन् आमच्या मानगुटीवर बसलं."

सगळ्या हसल्या. मीही हसलो. हसायचं नव्हतं.

बाया मोरीकडं जायच्या बंद झाल्या. मोरी शेडच्या पार मागं, दुधाच्या क्यानच्या पलीकडं. जाऊन यायला वेळ लागतो आणि कढई धरायला कुणी यायचं नाही, जिचं तिलाच पुरत नव्हतं. कौसाची पाण्याची बाटली सकाळी भरून जायची, संध्याकाळी तशीच भरलेली घरी यायची. मला दिसायचं. एकदा म्हणलं, "पाणी पीत जा की."

ती म्हणाली, "पाणी पिलं की जावं लागतंय. गेलं की घाणा लागतोय. बावीस मिनिटं तुमची हायत. माझ्या अंगात तेवढी न्हायत."

मी भाकरी मोडली आणि खाल्ली.

दोन उन्हाळे तसे गेले. शेगडीचा जाळ, वरून पत्रा, आणि पोटात पाणी नाही. आधी तिला जळजळ व्हायची. मग ताप यायचा, जायचा. मग पाय सुजले. सोलापूरला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईनं पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी पाणी पीत नव्हत्या का?" कौसानं माझ्याकडं बघितलं आणि मान भिंतीकडं फिरवली. माझं नाव सांगितलं नाही तिनं. शेवटपर्यंत नाही.

मी डॉक्टर नाही. बाईनंच सांगितलं, मूत्रपिंड जायला लई कारणं असतात, वय असतं, साखर असते. असतील. मला एक कारण माहीत आहे आणि ते माझ्या हातचं आहे.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिचं विरजणाचं गाडगं उघडलं तर त्याला बुरशी आलेली. अख्खं आयुष्य दुधात गेलं माझं आणि विरजण कसं राखतात ते मला ठाऊक नव्हतं. ते ती करायची. लेक सासरी सोनारीला असते, म्हणाली, "आण्णा, माझ्याकडं चला." गेलो नाही. इथं घरात कुणी बोलत नाही, पण तिथं सगळे चांगलं बोलतील, आणि ते मला सोसायचं नाही. संध्याकाळी दारात बसतो. सडकेनं जीपा जातात. कुणी हात केला तर मी हात करतो. दिवसभरात तेवढंच बोलणं.

तेरावं झालं आणि कामावर गेलो. तिसऱ्या शेगडीवर दुसरी बाई उभी होती. रेहाना तिचं नाव, पोटुशी. चौकोन तोच.

थोड्या दिवसांनी सर परत आला. हातातल्या घड्याळाच्या जागी आता मोबाईल होता, चित्र काढणारा. मालक म्हणाला, बावीसचे एकोणीस करायचेत. सरानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुम्ही आमचे हिरो. तुमच्याच हातानं करूया." मग आवाज बारीक केला. "काकूंचं ऐकलं. वाईट झालं. कामात मन रमवा, तेच औषध."

मोबाईल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला. दूध ओतलं. मी जाळ निम्मा ठेवला. एका हातानं ढवळत राहिलो, पूर्वी ढवळायचो तसं.

सर म्हणाला, "काका, जाळ वाढवा."

मी वाढवला नाही. अर्ध्यात आल्यावर उलथनं कढईच्या काठाला टेकवलं आणि मोठ्यानं म्हणलं, "मैनाबाई, माझी कढई धरा."

मैनाबाईनं मालकाकडं बघितलं. मग आपल्या चौकोनाकडं. मग खाली. ती आली नाही. कुणीच आलं नाही. मी मैनाबाईला बोल लावत नाही. तिला चौकोनात उभं करणारा मीच.

मी रेषेतनं पाय बाहेर टाकला आणि चालत मोरीकडं गेलो. घाई केली नाही. हात धुतले. वाटेत माठातलं पाणी पिलो, दोन तांबे. परत आलो तेव्हा शेडभर करपल्याचा वास होता. सरानं शेगडी बंद केली होती. बुडाला काळा थर.

"काका, घाणा जळाला!"

"व्हय," मी म्हणलं. "लिवा. माणूस मुतायला गेला की घाणा जळतो, असं लिवा कागदावर."

"तुम्ही मुद्दाम केलंत."

"मुद्दाम त्या दिवशी केलतं, सर. बावीस मिनिटं ही लबाडी होती. माझ्या तावाची लबाडी. म्या एकदा केली, दुसऱ्यांदा मला बी जमली नसती. त्या लबाडीवर ह्या बाया दोन वर्सं चालल्या. त्यातली एक मेली."

मालक म्हणाला, "दुःखात आहेस, म्हणून ऐकून घेतो. घरी जा. उद्यापासून येऊ नको."

रेहाना माझ्याकडं बघत होती. ढवळायचा हात तिनं थांबवला नाही.

जाता जाता मी मालकाला एवढंच म्हणलं, फळ्यावरचं माझं नाव पुसा. त्यानं लगेच पुसलं. आकडा ठेवला.

घरी आलो आणि वही घेतली. आयुष्यात पहिल्यांदा अर्ज लिहिला. दोन दिवस लागले. ऱ्हस्व दीर्घ काय चुकलं असेल ते असो. त्यात लिहिलं की बावीस मिनिटांच्या कागदावरची सही माझी आहे आणि ती वेळ खोटी आहे. खरी वेळ एकतीस मिनिटं, त्यात पाणी, त्यात मोरी, त्यात शेजारणीची कढई. एसटीनं धाराशिवला गेलो, कामगारांच्या कचेरीत दिला. खिडकीतला माणूस म्हणाला, "आजोबा, तुमची तक्रार नेमकी कुणाविरुद्ध?"

मी म्हणलं, "पहिली माझ्याविरुद्ध. दुसरी मालकाविरुद्ध. दोन्ही घ्या."

त्यानं शिक्का मारला आणि महिन्यानं या म्हणाला. महिन्यानं गेलो. परत महिन्यानं म्हणाला. जाणार आहे.

मधल्या दिवसांत मी कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहतो, पाळी सुरू व्हायच्या टायमाला. येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगतो, बावीस मिनिटं कुणाच्याच हातून होत नाहीत, ज्यानं केली तो मी, आणि मी खोटा आहे. काही ऐकतात, काही तोंड फिरवून आत जातात. वॉचमननं दोनदा हाताला धरून सडकेपलीकडं नेलं. तिसऱ्यांदा नेईल, मी चौथ्यांदा येईन. तो बावीसचा आकडा माझ्या हातानं फळ्यावर चढलाय. तो उतरेपर्यंत माझी जागा फाटकापुढं.