गाय आटेपर्यंत

त्या शेतावरच्या दोन जावांपैकी धारा काढण्याचे काम लग्नापासून थोरलीकडे होते, वैरण आणि स्वयंपाक धाकटीकडे. दोघींचे नवरे गेले. कामाची वाटणी मात्र तशीच राहिली. थोरली बसलेली कोणी पाहिली नाही, असे शेजारी सांगतात. त्यातली अतिशयोक्ती वजा केली, तरी तिची सुजलेली पेरे आणि वाकलेली पाठ नाकारता येत नाही.

त्या हिवाळ्यात गोठ्यात एकच गाय उरली होती, तीही गाभण. व्यायच्या आधी गाय आटवावी लागते. धार थांबवून कासेला विसावा द्यावा लागतो, नाहीतर वासरू अशक्त निपजते. थोरलीला हे शिकवण्याची गरज नव्हती. शेत धुक्याखाली निपचित पडलेले, पंप बंद. पहाटे उठून करण्यासारखे काहीच नव्हते.

तरी गाय आटेना. एका सकाळी धाकटीला गोठ्याच्या कोपऱ्यात बादली सापडली. तळाशी दूध होते.

"जाऊबाई, हे काय?"

"कास जड झाली होती गं तिची. दोन धारा मोकळ्या केल्या."

"तुम्ही काढता म्हणून ती देते. मागचं वासरू उभंसुद्धा राहिलं नाही, विसरलात?"

थोरलीने पदराला हात पुसले. "मग करू काय? घर खायला उठतं."

"मीपण त्याच घरात असते. मला नाही खात ते?"

"तुला खाऊन त्याचं पोट बिघडेल."

धाकटी हसली, पण बादली घेऊन गेली. "गाय आटेपर्यंत गोठ्यात पाऊल टाकायचं नाही."

थोरली पायरीवर शाल पांघरून बसू लागली. सुरुवातीला तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. गाय हंबरली की ती उठे, गोठ्याच्या दारापर्यंत जाई आणि हात काखेत दाबून परत येई. मग कधीतरी, भिंतीपलीकडचे रवंथ ऐकता ऐकता, इतक्या वर्षांचा शीण एकदम अंगावर आला. उन्हात बसल्या जागीच तिचा डोळा लागू लागला.

कास सैल पडली तेव्हा धाकटी सांगायला आली. "आटली. या आता बघायला."

थोरलीने डोळे उघडले नाहीत. "येते. जरा बसू दे."

तिला ती शांतता आवडू लागली, असे धाकटीचे म्हणणे. थोरली एवढेच मान्य करते, की पाठ टेकली म्हणजे नेमके कुठे दुखते ते कळते.