बिबड्यांचा फोटो आणि गच्चीवरची नवरी

माझ्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी अख्ख्या खानदेशात पोचली तेव्हा ते ठरलेलं नव्हतं, आणि बातमी पसरवणारा इसम मीच होतो.

कारण बिबड्या. (ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांच्यासाठी: ज्वारी भिजवायची, भरडायची, लसूण-मिरची-तीळ घालून शिजवायची. तो गरम घाटा खाटेवर अंथरलेल्या ओल्या धोतरावर हाताने थापायचा आणि उन्हात वाळवायचा. मग वर्षभर तळून खायचं. थापताना खाल्लेला घाटा हिशेबात धरत नाहीत.) माझी बायको सुमन बिबड्या अशा करते की जळगावातल्या आमच्या गल्लीत उन्हाळा आला हे लोकांना तिच्या फोडणीवरून कळतं. यंदा तिने त्या ऑनलाइन विकायचं ठरवलं. अडलं फक्त फोटोंपाशी.

तिने काढलेल्या प्रत्येक फोटोत मागे दोरीवर माझा बनियन वाळत होता. दोरी बदलली, खाट फिरवली, बनियन तरी कुठून तरी यायचाच. एका बाईने तर फोटोखाली विचारलं, "ते मागचं पांढरं पण विकायला आहे का?"

"अहो, तुम्ही तरी काहीतरी करा," सुमन म्हणाली. हे वाक्य तिने नंतर बऱ्याचदा मागे घेतलं आहे.

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मराठी शिकवलं. आमची रूपाली म्हणाली, "बाबा, आता एआयला नीट लिहून सांगितलं की ते फोटो बनवून देतं. त्याला प्रॉम्प्ट म्हणतात." नीट लिहून सांगणे! म्हणजे निबंधच की. ज्या माणसाने पिढ्यान् पिढ्यांना 'माझी सहल' लिहायला लावली, त्याला हे काय अवघड?

पहिला प्रॉम्प्ट मी सौजन्याने लिहिला: "कृपया बिबड्यांचा सुंदर फोटो द्यावा." त्याने इडल्या दिल्या, वर कढीपत्त्याचं पान. मग लिहिलं, "ज्वारीचे पापड." पापड आले, पण शेजारी लिंबाची फोड लावलेला काचेचा पेला, आणि पेल्यात काय होतं ते सुमनने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग मी वर्णनावर जोर दिला: पातळ, गोल, खडबडीत, ठिकठिकाणी ठिपके. चंद्राचा पृष्ठभाग आला. चांगला आला होता, पण तो तळता येणार नव्हता.

शेवटी रूपालीने खुर्ची ओढली. "बाबा, तुम्ही कौतुक करताय, सांगत काहीच नाही. वस्तू कशी आहे, किती मोठी, कशात ठेवलीय, उजेड कुठून येतोय, मागे काय आहे, कॅमेरा वरून आहे की बाजूने. एवढंच लिहा. आणि बिबडीचा खरा फोटो सोबत जोडा, म्हणजे ती आपलीच दिसेल."

तिने लिहिलं तसा फोटो आला. पितळी ताट, त्यात तीन बिबड्या, डावीकडून सकाळचं ऊन, मागे साधी मातकट भिंत. तीळ मोजता येत होते. सुमन चष्मा लावून बघत राहिली आणि म्हणाली, "हं. ही बिबडी आहे."

इथेच सगळं थांबायला हवं होतं. पण फोटोत मला प्राण दिसेना. वातावरण नाही, माणसं नाहीत, एकही विशेषण नाही!

आता दुसरी गोष्ट सांगायला हवी, कारण खरं काय पणाला लागलं होतं ते तिच्यात आहे. त्याच दिवसांत रूपालीला अमळनेरचं स्थळ आलेलं होतं. आणलं होतं माझ्या थोरल्या बहिणीने, धुळ्याच्या ताईने. मुलगा निखिल, शांत, हसरा. दोघं भेटली होती, दोघांना पटलं होतं. रूपाली फोनवर बोलताना गच्चीवर जायची आणि खाली यायची तेव्हा तिला मीठ मागितलं तर साखर द्यायची, यावरून आम्ही काय ते समजलो होतो. राहिला होता निखिलच्या वडिलांचा, नानांचा, निरोप. नाना कापसाच्या व्यापारात मुरलेले. घाईने हो म्हणणं त्यांना माहीत नाही. "घरमां बोलीसन कयाडस," म्हणजे घरात बोलून कळवतो, असं सांगून गेले होते, आणि आमचं घर त्या निरोपाकडे कान लावून होतं.

तर दुपारी घरातले सगळे झोपल्यावर मी प्रॉम्प्ट लिहायला बसलो. तो मला अजून पाठ आहे: "खानदेशातली प्रसन्न गच्ची. खाटाच खाटा, त्यांवर बिबड्याच बिबड्या. नटलेल्या सुवासिनींची लगबग. मंगलमय वातावरण. आनंदाने ओसंडून वाहणारं भरलं घर." आणि खरा फोटो जोडा असं रूपालीने सांगितलंच होतं. म्हणून आमच्या गच्चीचा एक फोटो जोडला. त्यात बिबड्या होत्या, आमची हिरवी पाण्याची टाकी होती आणि तांब्या घेऊन उभी असलेली रूपालीही होती.

निकाल पाहून माझे डोळे भरून आले. नजर जाईल तिथवर खाटा. वर मांडव, झेंडूची तोरणं, रावेरच्या ट्रकमधून नुकतेच उतरवल्यासारखे केळीचे खांब. नथी घातलेल्या बायका हसतायत. आणि मधोमध, आमच्या हिरव्या टाकीला टेकून, पिवळ्या साडीत, हळदीने माखलेली, मान खाली घालून लाजणारी रूपाली.

मला तेव्हा फक्त बिबड्या दिसल्या. मी तो फोटो विक्रीच्या पानावर टाकला, स्टेटसला ठेवला, आणि आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही पाठवला. खाली लिहिलं, "आमच्या घरच्या बिबड्या. आपला आशीर्वाद असू द्यावा."

आता आमच्याकडची रीत अशी, की वर्षाच्या बिबड्या दोन खाटांवर होतात. त्याहून जास्त खाटा गच्चीवर दिसल्या तर त्या घरात लग्न आहे. यात शंका नसते. रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही वर बघून विचारतो, "मुलाचं का मुलीचं?" पत्रिका नंतर येतात, बातमी आधी बिबड्या देतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला फोन ताईचा. "काय रे भाऊ, मन्ही भाचीनं लगीन जमाडं, हयद बी लाई टाकी, आनी माले, सख्खी बहीणले, मोबाईलमां दखीसन समजनं?"

"ताई, ते खरं नाही, ते एआयने—"

"कोन एआय? जवाईनं नाव शे का ते?"

मी सांगायला गेलो, पण ती म्हणाली, "मी ई ऱ्हायनू," म्हणजे निघालेच, आणि फोन ठेवला. धुळ्याच्या स्टँडवर जळगावची गाडी लागलेलीच असते, हे आमचं दुर्दैव.

पाठोपाठ नानांचा मेसेज आला. शुद्ध मराठीत होता, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळलं. "फोटो पाहिला. मुलीस अनेक आशीर्वाद. आमच्या निरोपाची आता आवश्यकता नाही."

तो मी वाचत असताना रूपाली मागे उभी होती. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, फोटो मोठा करून स्वतःचा हळद लावलेला चेहरा पाहिला आणि हळूच म्हणाली, "निखिलचा फोन आला होता, त्याला मी सांगितलंय. त्याला पटलंय. पण नाना म्हणतात, पोरीचं लग्न दुसरीकडे करतात आणि आपल्याला थांबवून ठेवतात. ते ऐकायलाच तयार नाहीत." एवढं बोलून ती आत गेली. तोवर मला हे सगळं थोडं गमतीचं वाटत होतं, ते तिथे संपलं.

सुमन म्हणाली, "तो फोटो काढून टाका आणि गप्प बसा."

गप्प बसणं हा चांगला सल्ला होता. पण मला वाटलं, चूक प्रॉम्प्टने झाली, ती प्रॉम्प्टनेच निस्तरावी. मी एआयला लिहिलं, "हाच फोटो. नवरी काढून टाक. इथे लग्न नाही हे स्पष्ट दिसू दे."

(रूपालीने नंतर समजावलं, की काय नको ते लिहायचं नसतं, काय हवं ते लिहायचं असतं. नंतर.)

त्याने नवरी काढली. मांडव तसाच ठेवला, खाटा तशाच ठेवल्या, आणि लग्न नाही हे स्पष्ट दिसावं म्हणून सगळ्या सुवासिनींना रडवलं! एकीने कपाळाला हात लावलेला, दुसरी टाकीला धरून उभी, तोरण एका बाजूने तुटून लोंबतंय. घाईत मी एवढंच पाहिलं की नवरी नाही. फोटो पाठवला. खाली लिहिलं, "आधीच्या फोटोने झालेल्या गैरसमजाबद्दल क्षमस्व."

मग जे फोन सुरू झाले त्यांत अभिनंदन एकही नव्हतं. "मोडलं का हो?" "मुलाकडच्यांनी काही मागितलं का?" सोनगीरच्या एका मावसभावाने तर न विचारता धीर दिला, "सर, पोरगी वाचली म्हणा." समोरच्या घरातल्या काकू वाटीत साखर घालून घेऊन येत होत्या, त्या आमच्या फाटकाशी थांबल्या, मोबाईल पाहिला आणि वाटी पदराखाली घेऊन परत गेल्या.

संध्याकाळी ताई पोचली. धुळ्याहून ती भांडायला निघाली होती. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा दुसरा फोटो पोचला, आणि तिथून पुढे ती सांत्वनाला येत होती. दारात पाऊल ठेवलं तेच रडत. "कसं मोडनं रे भाऊ? सोनासारखी पोर शे आपली. कोन व्हता तो मेला?"

"कोणी नव्हताच, ताई."

"म्हंजे पळी गया?"

तिला शांत करून सगळं सांगायला दोन चहा लागले. समजल्यावर तिने डोळे पुसले आणि ज्यासाठी धुळ्याहून निघाली होती ते काम हातात घेतलं. ती मला लहानपणापासून रागावत आली आहे, पण इतकं मन लावून कधी रागावली नव्हती. मधेच नानांचा फोन आला. "सर, दुपारले लगीन, सांजले मोडनं. तुमना घरमां चाली काय ऱ्हायनं?"

मी तोंड उघडणार तोच सुमनने माझ्या हातातून फोन घेतला. "नाना, नमस्कार. घरात काहीही झालेलं नाही. यांनी मशीनमध्ये चित्र काढलं आणि ते बिघडलं. तुम्ही उद्या सकाळी या, गच्ची डोळ्यांनी बघा. मी घाटा करते." आणि फोन ठेवला. तिच्या बोलण्यात एकही विशेषण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आले, मागे निखिल. चहा नको म्हणाले, आधी गच्ची. आम्ही सगळे मागोमाग वर गेलो. वर दोन खाटा होत्या, ओल्या धोतरावर थापलेल्या बिबड्या होत्या, कावळे येऊ नयेत म्हणून टांगलेली काळी छत्री होती आणि दोरीवर माझा बनियन होता. नानांनी गच्ची चारी बाजूंनी पाहिली. मग हिरव्या टाकीच्या मागे वाकून पाहिलं.

"मांडो कोठे शे?"

"नाही, नाना," मी म्हणालो. "तो मीच लिहिला होता."

"आनी त्या रडनाऱ्या बाया?"

"त्या... माझ्याकडून चुकून रडल्या."

सुमनने गरम घाट्याची ताटली नानांच्या हातात दिली, वर तेलाची धार सोडली. ते खाटेच्या काठावर टेकले, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. रूपाली जिन्याच्या दाराशी उभी होती, हातात तोच तांब्या. निखिल तिच्याकडे बघत होता आणि तसं दिसू नये म्हणून छत्रीकडे बघत होता. ताईने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली होती. ताटली पुसून झाल्यावर नाना ताईला म्हणाले, "आक्का, ज्या बापले खोटं बी धड जमत नही, त्यानी पोर खरीच व्हई. आमनी पसंती शे."

रूपालीच्या हातातला तांब्या पडला आणि पाणी थेट एका खाटेवर गेलं. त्या बिबड्या वाया गेल्या, पण सुमन त्या दिवशी कोणाला काही बोलली नाही.

मग आमच्या गच्चीवर खरंच खाटा वाढल्या. शेजारपाजारच्या बायका थापायला जमल्या, समोरच्या काकू साखर घेऊन या वेळी फाटकाच्या आत आल्या. मला मोबाईलला हात लावायची बंदी होती. काठी देऊन कोपऱ्यात कावळे हाकायला उभं केलं होतं. रूपालीने साध्या कॅमेऱ्याने गच्चीचा खराखुरा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली तिने लिहिलं, "या वेळी खरं आहे."

कोणी विश्वास ठेवला नाही. सगळे फोटो मोठा करून चुका शोधायला लागले. खाटा बघितल्या, बायकांच्या हातांची बोटं मोजली, टाकीचा रंग तपासला. शेवटी सोनगीरच्या मावसभावाने निकाल दिला:

"एआयच आहे. बाकी सगळं हुबेहूब जमलंय, पण कोपऱ्यात बनियन घालून काठी उगारलेला जो माणूस काढलाय ना, तसा माणूस खरा असूच शकत नाही."