साडेसत्तेचाळीस

मुलाने गॅलरीत वाळत टाकलेल्या मोज्यांचा दमट वास आला की मला बिबवेवाडीतल्या आमच्या शाळेची कॉम्प्युटर लॅब आठवते. बूट दाराबाहेर काढायचे, त्यामुळे आत तापलेल्या यंत्रांचा आणि घामेजलेल्या मोज्यांचा मिळून एकच वास असे. नववीची जावा या प्रोग्रामिंग भाषेची तोंडी परीक्षा संपत आली होती आणि तेच तेच विचारून माझा घसा बसला होता. शेवटच्या मुलीला पास व्हायला अजून एक उत्तर बरोबर यायला हवे होते, नाहीतर दहावीला तिला हा विषय मिळणार नव्हता. ‘पंच्याण्णव भागिले दोन, दोन्ही पूर्णांक. जावा काय उत्तर देईल?’ ‘अठ्ठेचाळीस,’ ती म्हणाली. ‘येतात साडेसत्तेचाळीस, पण अर्धा मार्क पुढे धरतात ना, सर?’ ‘ते शाळेत. जावा पूर्णांकांच्या भागाकारात अर्धा टाकूनच देते. सत्तेचाळीस.’ ‘अहो सर, मग जावाने पेपर तपासले तर पास कोण होणार?’ दारात बूट घालणाऱ्या मुली खो खो हसल्या. मी मान वर न करता शून्य लिहिले आणि ती बाहेर गेली. उत्तर चूकच होते, आजही मी त्याला शून्यच देईन. फक्त आधी हसेन.