अडीच तास मागचं घड्याळ

आमच्या शेजारच्या सिस्टरांइतका अस्वस्थ जीव अख्ख्या वसईत दुसरा नसेल. सिस्टर म्हणजे मठातल्या नव्हेत, हॉस्पिटलातल्या. चाळीस वर्षं त्यांनी मुंबईच्या सरकारी इस्पितळात काढली, त्यातली शेवटची काही मेट्रन म्हणून, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी त्यांची ड्यूटी काही संपलेली नाही. त्यांच्या आणि आमच्या वाडीत केळीची एक रांग काय ती आडवी, त्यामुळे त्यांच्या चपलांचा आवाज मला सकाळपासून ऐकू येतो. विहिरीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून विहिरीपर्यंत त्यांचा राउंड चालू असतो. त्यांना बसून चहा पिताना मी आजवर पाहिलेलं नाही. त्यांच्यासमोर कुणी खोकायचं नसतं, कारण खोकलं की लगेच आ करून घसा दाखवावा लागतो. आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला आल्या, तर एका हातात द्रोण धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्यांनी भटजींच्या पायाची सूज दाबून पाहिली आणि उद्याच्या उद्या लघवी तपासून घ्या म्हणून बजावलं. भटजी तेव्हापासून आमच्याकडे यायचे असले की आधी सिस्टर घरी आहेत का ते विचारतात.

अशा बाईला फादरांनी एका रविवारी मिस्सेनंतर सहज सांगितलं, की इथले काही डॉक्टर आणि नर्सेस मिशनच्या वैद्यकीय शिबिरासाठी तीन आठवडे टांझानियाला जाणार आहेत, तुम्ही याल का? फादर सहज बोलून गेले, पण आम्हा शेजाऱ्यांना ते फार महागात पडलं. नर्सिंग शिकत असताना, वयाच्या विसाव्या वर्षी, सिस्टरांनी देवासमोर कबूल केलं होतं की एकदा तरी परदेशातल्या मिशनच्या दवाखान्यात सेवा करीन. पुढे लग्न झालं, मुलगा झाला, मग नवऱ्याला अर्धांगवायू झाला आणि त्यांची सेवा घरातच अकरा वर्षं चालली. नवरा गेला, मुलगा कॅनडात गेला, कबूल केलेलं तेवढं राहून गेलं होतं.

होकार दिला त्याच संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ अडीच तास मागे केलं. तिथल्या वेळेची शरीराला सवय नको का? जायला अजून पाच महिने होते. मला एकदा म्हणाल्या, "मास्तर, उद्या चारला चहाला ये." मी शाळेतून थेट चारला हजर झालो, तर त्या झाडून घेत होत्या. "अरे, आता कुठं दीड वाजलाय," म्हणाल्या आणि माझ्या हातात दुसरा झाडू दिला. एका रविवारी त्या चर्चमध्ये पोहोचल्या तेव्हा लोक बाहेर पडत होते. फादर पायऱ्यांवर उभे होते, ते म्हणाले, "सिस्टर, मिस्सा वसईच्या वेळेनं असते."

मग शनिवारी अंगणात शिबिराची तालीम सुरू झाली. चिकूच्या झाडाखाली बाक, बाकावर पेशंट म्हणजे आम्ही शेजारी, आणि प्रत्येकाच्या हातात नंबराचं पुठ्ठ्याचं तिकीट. मला भाषा न येणारा पेशंट केलं होतं. पोट दुखतंय हे मी हातवाऱ्यांनी सांगायचं, आणि मी कितीही कळवळलो तरी सिस्टरांचं निदान बाळंतपणाकडे झुके. रोजची मासळीवाली फाटकातून आत आली, तर तिलाही सात नंबर मिळाला. "अगे बाय, रांगेत मी एकटीच, नि मला सात नंबर कसला?" ती करवादली, "माझं मावरं उन्हात सुकतंय. दे गो जरा पानी!" सिस्टरांनी पाणी दिलं, पण आधी डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहिलंच.

आणि मग ती वही आली. तुकडीच्या प्रमुख डॉक्टरांनी साठी उलटलेल्या प्रत्येकाकडून महिनाभराच्या रोजच्या बीपीची नोंद मागितली; ज्याचा बीपी चढा, त्याचं नाव कटणार. आता सगळ्या गावाचा बीपी घेणाऱ्या सिस्टरांनी स्वतःचा कधीच घेतला नव्हता. त्यांच्या वॉर्डाचा नियमच तसा होता. नर्सनं स्वतःचा बीपी घ्यायचा नाही, कारण आपल्याला हवं तेच आपल्या कानाला ऐकू येतं. बॅटरीच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नाही. तेव्हा त्यांनी मला पाऱ्याचं जुनं यंत्र आणि स्टेथोस्कोप दिला, आठवडाभर माझ्याच बायकोच्या दंडावर शिकवलं आणि रोज सकाळी सातला हजर राहायला सांगितलं. वसईच्या सातला, हे मी विचारून घेतलं. मी पंप दाबायचो आणि त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. त्या बसलेल्या मला दिसायच्या त्या तेवढ्याच वेळेला.

पहिल्या दिवशी आकडा आला एकशे अडुसष्ट. मी पुन्हा घेतला, तर एकशे सत्तर. सिस्टरांनी भिंतीकडे बघतच विचारलं, "किती?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "एकशे चौतीस." कोपऱ्यात त्यांची शिबिराची बॅग भरून तयार होती, तिच्यावर नंबरांच्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचा गठ्ठा रबर लावून ठेवलेला. मला खरं बोलवेना. रोज मी तेच करत गेलो, कधी बत्तीस, कधी चौतीस, कधी छत्तीस. रात्री झोप लागत नसे. विमानात काही झालं तर, परक्या देशात काही झालं तर, या विचारानं मीही विहिरीपर्यंत फेऱ्या मारायला लागलो होतो.

एकोणिसाव्या दिवशी सिस्टरांनी वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या वाचली. "काल विहिरीचा पंप जळला, मी वायरमनशी तासभर भांडले, आणि माझा बीपी एकशे चौतीस?" त्या म्हणाल्या. "मास्तर, इतका सरळ बीपी मी चाळीस वर्षांत एकाही जिवंत पेशंटचा पाहिलेला नाही. परत घे." मी परत घेतला आणि या वेळी खरं सांगितलं. दुपारी त्या स्वतःच वही घेऊन डॉक्टरांकडे गेल्या आणि ही वही चुकीची आहे, माझं नाव काढा, म्हणाल्या. चुकीची कशी, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा "घेणाऱ्याचा कान कच्चा होता," एवढंच सांगून आल्या. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हे मला फादरांकडून कळलं आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुकडी सिस्टरांशिवाय गेली, बरोबर त्यांची बॅग आणि ती तिकिटं तेवढी गेली. तिकडून एक फोटो आला, त्यात एका झाडाखाली बसलेल्या आजीबाईंच्या हातात आमच्या मासळीवालीचा सात नंबर होता. सिस्टर तो फोटो बराच वेळ बघत होत्या, उभ्या राहूनच.

खरा आकडा कळला त्या दिवसापासून सिस्टर गोळ्या घेतात, मीठ सोडलंय, सुकी मासळीसुद्धा सोडलीय. यंदा पुन्हा तुकडी निघायची आहे, आणि डॉक्टरांनी पुन्हा वही मागितली आहे. बीपी घ्यायला त्यांनी मलाच बोलावलं, दुसऱ्या कुणाला नाही. काल सकाळी सातला मी गेलो. भिंतीवर साडेचार वाजले होते. पारा खाली आला, मी नीट कान देऊन ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलोच, "सिस्टर, एकशे बत्तीस!"

त्यांनी भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माझं खोटं त्यांनी कधीच माफ करून टाकलंय. पण हात त्यांनी तसाच पुढे धरून ठेवला.

"परत घे," त्या म्हणाल्या.

मी परत घेतला. एकशे बत्तीस. त्या पुन्हा म्हणाल्या, "परत घे."