पुलावरचे तीस तिरंदाज

दूध गॅसवर, इस्त्री तापलेली आणि नवऱ्याचा एक मोजा बेपत्ता, अशा वेळी दार वाजलं. दारात वरच्या मजल्यावरच्या ताई, काखेत लॅपटॉप. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणाऱ्या या बाईंना अख्खी इमारत ‘सेनापती’ म्हणते. कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळात सैनिकांनी आपणहून काय करायचं आणि कशासाठी खेळणाऱ्याच्या हुकमाची वाट बघायची, हे ठरवणं ही त्यांची नोकरी.

“वहिनी, दहा मिनिटं खेळता? कधीच न खेळलेलं माणूस हवंय.”

तेवढ्यात दूध वर आलं. सासूबाईंनी न सांगता येऊन गॅस बंद केला. गॅसला खेटून उभा असलेला नवरा मोजाच शोधत होता.

“दोन्ही तऱ्हेचे सैनिक आहेत की घरात!” ताई म्हणाल्या.

“एक नुसता भरतीचा,” सासूबाईंनी लेकाकडे बघत सुनावलं.

पडद्यावर एक पूल, त्यावर माझे तीस तिरंदाज. “आधी आमच्या साहेबांना हवाय तसा खेळ,” ताई म्हणाल्या. मी ‘इथेच थांबा’ असा हुकूम दिला. शत्रू दिसताच तिरंदाज आपले आपणच टेकडीवर गेले, बाण सोडले, जिंकले.

“जिंकलात!”

“मी कुठे? तेच जिंकले. मी नुसती बसले होते.”

ताईंनी दुसरा खेळ लावला, स्वतःच्या आठ महिन्यांच्या मेहनतीचा. पुन्हा तोच हुकूम. या वेळी पूल कुणी सोडला नाही. पण एक पडला की शेजारचा सरकून त्याची जागा घेई. जखमी मागे जाई, ताज्या दमाचा पुढे येई. शत्रू दुसऱ्या बाजूने आला, तशा सगळ्या माना तिकडे वळल्या. मी बघतच राहिले. मुंगीएवढ्या त्या माणसांना एवढी समज या हडकुळ्या बाईने दिली होती! त्या नादात ‘मागे फिरा’ म्हणायचं राहिलं. तीसही मारले गेले.

“माझंच चुकलं हो. पुन्हा द्या, या वेळी वेळेवर बोलावते त्यांना.”

ताईंचे डोळे भरले. “साहेब म्हणतात, लोकांना हरायला आवडत नाही. आज दुपारी माझं हे सगळं काढून टाकणार आहेत.” मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, “दुपारी मी फोन लावीन. आत्ता ‘पुन्हा द्या’ म्हणालात ना, तेवढंच साहेबांना सांगाल?”